लोखंडाच्या पट्टीचा खर्च

कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मोठा धंदा म्हणून गाडीची चाके घडवण्याच्या कामाची नोंद आहे. मुंबईचा माल होड्यांतून पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि बैलगाड्यांत भरून बोरघाटाने देशावर जायचा. इतक्या गाड्या जिथे रोज थांबत, तिथे चाकाचे कारागीर असणारच. तुंबा कोरणे, आरे ठोकणे हे सुताराचे काम. लोखंडाची धाव तापवून लाल करून लाकडावर चढवणे लोहाराचे. हे शिकायला शाळा नव्हती. बाप मुलाला शिकवायचा. वाया गेलेले लाकूड, वाकडी बसलेली धाव, पोराच्या हातून काहीच कमाई न होणारी पहिली तीन-चार वर्षे, हा सगळा खर्च ते घर सोसायचे. त्या घरात, त्या जातीत जो जन्मला नाही, त्याला त्या भात्यापाशी बसायला जागा नव्हती.

सरकारी व्यवसाय शिक्षणाचा विचार करताना मी नेहमी इथून सुरुवात करतो. हुन्नर शिकण्याचा खर्च कुणीतरी सोसावाच लागतो. घराने सोसला तर हुन्नर घरातच राहतो. कारखान्याने सोसला तर कारखान्याला हवा तेवढाच, हवा तितका काळ शिकवला जातो. सरकारने सोसला, तरच कातकरी वाडीतल्या मुलाला आणि भाजी विकणाऱ्या बाईच्या मुलीला लेथ मशीनसमोर उभे राहता येते. म्हणून या खर्चाच्या बाजूने आमदार-खासदारांकडे आग्रह धरायचा तो कारखानदारांची सोय म्हणून नव्हे. जन्माने बंद असलेले दार उघडे ठेवणारा हा खर्च आहे.

आता आजच्या पनवेलकडे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. १,१६० हेक्टरचा, सुमारे १९,६५० कोटी रुपयांचा हा प्रकल्प. त्याच कार्यक्रमात महाराष्ट्राच्या ‘स्टेप’ या अल्पमुदतीच्या रोजगारक्षम प्रशिक्षण कार्यक्रमाचाही शुभारंभ झाला. ४०० शासकीय आयटीआय, १५० शासकीय तांत्रिक विद्यालये, २,५०० नव्या तुकड्या. त्यांतल्या ३६४ फक्त महिलांसाठी, आणि ४०८ कृत्रिम बुद्धिमत्ता, इलेक्ट्रिक वाहने, सौरऊर्जा अशा नव्या विषयांच्या. राज्याच्या कौशल्य विद्यापीठाला रतन टाटांचे नाव दिले गेले, आणि त्याचे संकुल उभारण्यासाठी निवडलेली जागाही पनवेलचीच. तळोजा, पाताळगंगा, रसायनी, न्हावा-शेवा बंदर आणि आता विमानतळ, एवढे सगळे ज्या गावाच्या चहूबाजूंनी उभे आहे, तिथे प्रशिक्षणाचा नारळ फुटणे योग्यच. या घोषणांचे मी मनापासून स्वागत करतो.

पण नारळ फुटल्यानंतर अकराव्या महिन्यात काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

शासकीय आयटीआयच्या प्रवेश पुस्तिकेत व्यवसायांची सुंदर मराठी नावे छापलेली असतात: जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर. मुले मात्र फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन असेच म्हणतात. फिटरच्या मुलाला पहिल्या महिन्यांत लोखंडाची एक पट्टी मिळते. ती शिकंज्यात धरायची, कानशीने घासायची, गुण्याने तपासायची, पुन्हा घासायची. चारही कडा काटकोनात आणि पृष्ठभाग सपाट येईपर्यंत हे चालू. याला ‘जॉब’ म्हणतात. जॉब बिघडला की नवी पट्टी. हात बसायला किती पट्ट्या लागतील, हे ज्याच्या त्याच्या हातावर. वेल्डिंगला रॉड लागतो, वायरमनला तार लागते, टर्नरला गोल सळई आणि टूल बिट लागतात. हे सगळे वापरून संपते. संपणे हाच त्याचा उपयोग आहे. कार्यालयाच्या कागदपत्रांत याला ‘कच्चा माल’ म्हणतात.

अर्थसंकल्पात सर्वांत आधी गळते ती ही पट्टी. इमारतीचे उद्घाटन करता येते, सीएनसी मशीनसमोर फोटो काढता येतो. वेल्डिंग रॉडच्या पेटीसमोर कुणी फीत कापत नाही. मशीन एकदाच विकत घ्यायचे असते, पण त्याचे तेल, दुरुस्ती, विजेचे बिल दर वर्षी येते. निदेशकाचा पगार तर दर महिन्याला. हा जो दर वर्षी लागणारा, आवर्ती खर्च आहे, त्याच्यासाठी सभागृहात उठून बोलणारा माणूस फार कमी दिसतो. रॉड मोजून दिले की मुलगा कमी जोड मारतो. वर्षभराने तो प्रमाणपत्र घेऊन तळोज्याच्या गेटवर उभा राहतो आणि चाचणीचा पहिला जोड फुटतो. मग कारखानदार म्हणतो, आयटीआयची पोरे कामाची नाहीत. दोष मुलाच्या हाताला चिकटतो.

शिकण्याचा खर्च कुणी सोसायचा, या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरळ पैशाचाच मुद्दा मांडला होता: तिजोरीत पैसा शेतकरी घालतो, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. बहुजनांच्या मुलांना रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल असे शिक्षण हवे, हेही त्यांनी सांगितले. पाच वर्षांनी मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर घडवले. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात कलाभवन काढले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिले. राजाने ठरवले म्हणून पैसा मिळाला. बाकी मुलखात तो मिळाला नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, हा त्यातला विचार मला कधीच पटलेला नाही. शिकणाऱ्याच्या हातून विकण्याजोगी वस्तू निघायला लागली की त्याला शिकवण्यापेक्षा राबवण्याचा मोह होतो. मात्र हाताने काम करणे हेही शिक्षणच आहे, हा त्यातला गाभा अजून कुणी खोडून काढलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा आला. आयटीआयची रचना साधी आहे: केंद्राने अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र ठरवायचे, राज्याने संस्था चालवायची. महाराष्ट्राने हे काम चांगले केले. तालुका तिथे आयटीआय असे धोरण धरून आज राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. १९८४ मध्ये व्यवसाय शिक्षणासाठी स्वतंत्र संचालनालयही झाले. देशातल्या फार थोड्या राज्यांना एवढा पाया लाभला आहे. पाया आहे म्हणूनच तो खचू देऊ नका, असे म्हणता येते.

शाळेच्या अंगाने गेलेली वाट मात्र वारंवार तुटली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दहावीनंतरची निम्मी मुले व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत असे सुचवले. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने ते लक्ष्य १९९५ पर्यंत २५ टक्क्यांवर आणले, आणि तेही गाठता आले नाही. १९८८ मध्ये केंद्राच्या मदतीने अकरावी-बारावीला व्यावसायिक अभ्यासक्रम सुरू झाले. महाराष्ट्रात त्यांचे नाव किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, सगळ्यांच्या तोंडी मात्र ‘एमसीव्हीसी’. एका पिढीला हे नाव आठवत असेल. कॉलेजच्या मागच्या बाजूला एक शेड, तिथे इलेक्ट्रॉनिक्स किंवा ऑटोमोबाइलची वीसेक मुले, आणि ‘सायन्सला मिळाले नाही म्हणून इकडे’ असा शिक्का. केंद्राचा पैसा सुरुवातीचे हत्यार-मशीन घ्यायला आला. पुढची वर्षे राज्याने रेटायची होती. राज्याने पगार रेटले, पण शेडमधली यंत्रे तीच राहिली. बाजारात कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले तरी मुले कार्ब्युरेटरच उघडत बसली. मग नाव बदलले, अभ्यासक्रम बदलला, आणि अलीकडे हा सगळा प्रवाहच आयटीआयकडे वळवून मिटवण्याची वाट सरकारने धरली. अभ्यासक्रम जुना झाला म्हणून बंद केला, असे सांगितले जाते. तो जुना का झाला, याचे उत्तर तीस वर्षांच्या अर्थसंकल्पांत आहे.

याच काळात पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी दुसरे काहीतरी करून दाखवले. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शेती, वीज, सुतारकाम-लोहारकाम, घर-आरोग्य अशी कामे आठवी ते दहावीच्या मुलांनी गावासाठी प्रत्यक्ष करायची, आणि ती करता करता विज्ञान शिकायचे. ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय राज्याच्या अभ्यासक्रमात आला तो या कामातून. गवंडी, वायरमन, लोहार यांना शाळेत शिकवायला बोलावता येते, हे पाबळने सिद्ध केले. कलबाग २००३ मध्ये गेले. विषय आजही बऱ्याच शाळांत आहे, पण शाळेला तो परवडतो का, हा प्रश्न देणगीदार भेटला की सुटतो आणि देणगीदार गेला की पुन्हा उभा राहतो.

पनवेल तालुक्यातल्या तारा गावचे युसुफ मेहेरअली सेंटरही असेच. मुंबई-गोवा महामार्गावर, तेलघाणी, साबण, मातीकाम, सुतारकाम अशा ग्रामोद्योगांतून आदिवासी आणि गावातल्या माणसांना काम आणि हुन्नर देणारी ही संस्था डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या समाजवादी साथींनी साठ वर्षे चालवली. पारीख २ ऑक्टोबर २०२५ रोजी वारले. अशा माणसांबद्दल मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच सांगतो, तालुक्यातल्या हजारो मुलांच्या शिक्षणाचा भार एका संस्थेच्या निष्ठेवर टाकणे हा त्या निष्ठेवरच अन्याय आहे.

सरकारचा पैसा एकविसाव्या शतकात वेगळ्या वाटेने येऊ लागला. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआय ‘सार्वजनिक-खाजगी भागीदारी’त घेतल्या गेल्या आणि प्रत्येकीच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपये मिळाले. ते बिनव्याजी कर्ज होते. तांत्रिक शाळेला सरकारने कर्ज द्यावे आणि तिने ते वीस वार्षिक हप्त्यांत फेडावे, ही कल्पनाच मला विचित्र वाटते. फेडायचे तर फी वाढवायची, किंवा मुलांकडून बाहेरची कामे करून घ्यायची. बऱ्याच समित्यांनी मग पैसा जपून बँकेत ठेवला, ही काही नवलाची गोष्ट नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रात कौशल्य विकासाचे स्वतंत्र मंत्रालय झाले, २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. थोड्या आठवड्यांचे वर्ग, भाड्याच्या खोल्या, मोठ्या संख्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत ठेवलेल्या कॅगच्या अहवालात या योजनेतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक लाभार्थ्यांच्या बँक खात्याची माहिती रिकामी, शून्य किंवा निरुपयोगी आढळली. हा अहवाल वाचून काही जण म्हणतील, कौशल्यावरचा खर्चच कापा. मी उलट म्हणतो. ज्या संस्थेला भिंती आहेत, हजेरीपट आहे, निदेशक आहे, मशीनवर क्रमांक घातलेला आहे, तिथला खर्च तपासता येतो. वाहून गेला तो पैसा भाड्याच्या खोल्यांतून गेला; त्याची शिक्षा वर्कशॉपला देऊ नये.

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआय सुधारणेची ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ऑक्टोबरमध्ये तिला ‘पीएम-सेतू’ हे नाव मिळाले. केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,०००, उद्योगांचे १०,०००. २०० मोठ्या आयटीआय आणि त्यांच्याभोवती ८०० छोट्या. आकडा मोठा आहे आणि तो पाच वर्षांचा आहे. आमदारांनी हे लक्षात ठेवावे की २०,००० कोटींतला महाराष्ट्राचा वाटा विधानभवनातूनच जाणार आहे, आणि पाच वर्षे संपल्यावर या नव्या यंत्रांची वीज आणि दुरुस्ती संपूर्णपणे राज्याच्या डोक्यावर येणार आहे. एमसीव्हीसीच्या शेडमध्ये हेच घडले होते. शिवाय चारशेहून अधिक आयटीआयपैकी ज्या या योजनेत बसणार नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारायला हवा.

राज्य पैसा देत नाही असे म्हणणे चूक ठरेल. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा. त्याच राज्यात आयटीआयमध्ये प्रत्यक्ष शिकणाऱ्या मुलाचे विद्यावेतन कित्येक दशके महिना ४० रुपये होते. २०२३ मध्ये ते ५०० झाले. ५०० रुपयांत उरणहून किंवा नेऱ्याहून पनवेलला महिनाभर येऊन-जाऊन शिकणे कठीणच. मुले गळतात ती अशी. दुसऱ्या सत्रात घरून पैसे मिळत नाहीत आणि गोदामात हमाली मिळते. कार्यालयात बसवून विद्यावेतन देणे हा रोजगाराचा दिलासा आहे, त्याला प्रशिक्षणाच्या खात्यात मोजू नये. मोजले की प्रशिक्षणावर फार खर्च होतो आहे असा भास होतो, आणि कात्री खऱ्या वर्गावर चालते.

या खर्चाला कायद्याची ढाल नाही, हे मूळ दुखणे आहे. शिक्षण हक्क कायदा मुलाला चौदाव्या वर्षापर्यंत सांभाळतो. आयटीआयच्या प्रवेशाचे किमान वय नेमके चौदा. हक्क जिथे संपतो, तिथे हे दार सुरू होते, आणि त्या दारात सरकारला बांधून ठेवणारे काहीच नाही. इतर देशांनी इथे वेगवेगळे बांध घातले. अमेरिकेने १९१७ मध्येच स्मिथ-ह्यूज कायदा करून राज्यांना व्यवसाय शिक्षणासाठी दरवर्षी केंद्रीय पैसा देण्याची तरतूद केली, शिक्षकांच्या पगारासह. ब्राझीलने १९४२ मध्ये ‘सेनाइ’ ही संस्था काढली आणि पुढे कारखान्यांच्या पगारपटावर एक टक्का वर्गणी तिच्या नावे लावली. सरकारे बदलली, वर्गणी राहिली. ब्रिटनने २०१७ पासून मोठ्या मालकांच्या पगारपटावर अर्धा टक्का शिकाऊ उमेदवारीसाठी घेतला. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातच नोंद आहे की १९ ते २४ वयोगटात औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले भारतात ५ टक्क्यांहून कमी होते, तर जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६. हे आकडे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या वेळचे. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी कायदा तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायला लावतो. पण शिकाऊ तयार करून गेटपर्यंत पोहोचवणारी संस्थाच खंगली, तर त्या टक्क्यांत झाडलोट करणारी पोरे भरली जातात.

पनवेल-उरणच्या आमदारांनी आणि खासदारांनी हा विषय हातात घ्यावा याला आणखी एक कारण आहे, आणि ते जमिनीचे आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको आली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला. भूखंड विकता येतो, विकलेही गेले. भातशेती आणि मिठागर गेल्यावर पुढच्या पिढीच्या हाताला काय, याचे उत्तर भूखंडात नव्हते. विमानतळासाठी दहा गावे उठली. त्या गावांतल्या मुलांनी टर्मिनलमध्ये फक्त ट्रॉल्या ढकलाव्यात की विमानाच्या देखभालीच्या हँगरमध्ये हातात पाना घेऊन उभे राहावे, हे तालुक्यातल्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आज काय शिकवले जाते, यावर ठरणार आहे. रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक या कारखान्याचे काम २०१७ मध्ये थांबवायचे ठरले तेव्हा आपण पाहिले, एका कारखान्यावर विसंबून शिकलेला माणूस कारखान्याबरोबर बसतो. विस्तृत पाया असलेला फिटर दुसऱ्या गेटवर जातो.

साधने सदस्यांच्या हातात आहेत. मार्चमध्ये विभागांच्या मागण्या चर्चेला येतात. वेळ संपला की उरलेल्या एकत्र मताला टाकल्या जातात, आणि कौशल्य विभाग अशा ढिगात सापडणे सोपे असते. त्या विभागावर चर्चा मागून घ्यावी. आयटीआयचा आवर्ती खर्च, म्हणजे कच्चा माल, दुरुस्ती, वीज आणि निदेशकांचे पगार, वेगळ्या लेखाशीर्षाखाली दाखवायला लावावा आणि त्यातून पैसा दुसरीकडे वळवायला मनाई करावी. कच्च्या मालाचा दर लोखंड-तांब्याच्या भावाशी जोडावा. तो वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर गोठला की पट्टीची जाडी कमी होत जाते. रिकाम्या निदेशक पदांवर तारांकित प्रश्न विचारावा, संस्थावार यादीसकट. वीस मुलांच्या तुकडीला एक निदेशक लागतो. तो तासिकेवर आणलेला असेल तर दिवाळीनंतर कंपनीत जास्त पगाराने निघून जातो आणि तुकडी मशीनकडे बघत बसते. पैसा अखर्चित राहिला असे वित्त विभाग सांगेल. तो मार्चअखेर हातात पडला म्हणून राहिला की खरेदीची निविदा अडली म्हणून, हे अंदाज समितीने संस्थेत जाऊन विचारावे.

जाताना समितीने प्राचार्यांच्या खोलीत चहा घेण्याआधी फिटरच्या तुकडीत जावे. एखाद्या मुलाचा जॉब हातात घ्यावा, त्याच्या कडेवर गुण्या लावून उजेडाकडे धरावा, आणि ही पट्टी कितवी आहे, पुढची कधी मिळणार, हे त्या मुलालाच विचारावे.